आकडा आधी सांगायचा नाही

विनूभिया गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, आणि पाठोपाठ हेही, की आजार वर्षभराचा होता. धारच्या शेजाऱ्यांना ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक. देवासला बसलेल्या मला, त्याच्या मामेभावाला, काही नाही. मी वहिनींवर भडकलो. अशा वेळी भडकू नये, पण भडकलो. तो राग अजून उतरलेला नाही.

तो धारला शाळेत विज्ञान शिकवायचा. मी जुन्या मशिनी घेतो-विकतो. धंदा एकट्याच्या हिमतीवर उभा केला, सौद्यात आवाज चढतोच. आम्हाला बांधून ठेवलं ते मृग नक्षत्रातल्या तांबड्या काक्षी ताऱ्यानं. काही वर्षांपूर्वी हा तारा एकाएकी फिका पडला. धुळीचा ढग आड आला, असं बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात. पण तो ढग का उसळला, आणि हा म्हातारा तारा फुटणार कधी, हे नक्की कोणालाच सांगता येत नाही. विनूभियाला तेच आवडायचं. "मोठ्या दुर्बिणींचे डोळे दिपतात त्याच्यापुढे," तो म्हणायचा. "इथं आपले साधे डोळेच कामाचे, भिया."

पद्धत साधी. शेजारच्या दोन ताऱ्यांचं तेज ठाऊक असतं. प्रश्वा जरा उजळ, रोहिणी जरा मंद. काक्षी त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो, ते आकड्यात ठरवायचं. देशोदेशीचे हौशी लोक असे आकडे पाठवतात, आणि त्यांतून ताऱ्याच्या चढउताराचा आलेख तयार होतो. थंडीत जेवणं झाली की तो धारच्या गच्चीवर, मी देवासच्या. त्याचा नियम एकच... दोघांचे आकडे पाठवून होईपर्यंत एकमेकांना सांगायचे नाहीत. दुसऱ्याचा कानावर पडला की आपला डोळा तिकडे झुकतो.

माझा आकडा नेहमी त्याच्यापेक्षा उजळ. मग फोनवर जुंपायची.

"फिर घूर रहे थे ना? अरे, लाल तारा टक लावून बघितला की उजळ वाटतो. नजर टाक आणि वळव. दुसऱ्याची मशीन बघतोस तशी, घ्यायचीच नसल्यासारखी!"

"मास्तर, आधी चष्मा बदला. रोहिणी तरी दिसते का?"

तो खो-खो हसायचा, पण हटायचा नाही. मीही नाही.

तेराव्याला धारला गेलो तेव्हा वहिनींना विचारलंच, मला का नाही कळवलं?

"त्यांनीच शपथ घातली होती, भावोजी. म्हणायचे, अरुणला कळलं की तो मला बरं वाटावं म्हणून माझ्या आकड्याकडे झुकेल. मग दोघांत मिळून डोळ्यांची एकच जोडी उरेल."

मला हे पटलेलं नाही. इतकी वर्षं माझ्याशी वाद घालून त्यानं मला एवढंच ओळखलं? मी त्याच्या उशाशी बसूनसुद्धा भांडलो असतो. ते शेवटचं भांडण त्यानं मला मिळू दिलं नाही...

आता पौष लागलाय. मृग संध्याकाळीच पूर्वेला चढून येतं. मी गच्चीवर जातो, पण एकट्याचा आकडा मला खरा वाटत नाही. परवा माझा आकडा ठरवण्याआधीच धारला फोन लावला. "वहिनी, जरा गच्चीवर येता?"

त्यांना तारा ओळखता येईना. मी सांगत गेलो... ओळीतले तीन तारे शोधा, त्यांच्या डावीकडे तांबूस दिसतो तो. त्याच्या बराच वर रोहिणी, खाली प्रश्वा. फोनमध्ये वारा वाजत होता, आणि त्या "एक, दोन, तीन" मोजत होत्या.

"दिसला," त्या म्हणाल्या. "त्या वरच्यापेक्षा हा..."

"थांबा!" मी ओरडलो. "मला सांगू नका."