मोजायचा राहिलेला हात

रक्त काढायला आलेल्या मुलीने हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासाबरोबर मला पिंपरीचा आमचा औषधांचा कारखाना आठवला. पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी एकोणीस वर्षांची, बाटल्या धुण्याच्या खात्यात होते.

युनियनच्या अध्यक्षाची निवडणूक होती. एक उमेदवार आमच्या गावचा, दुसरा साताऱ्याकडून आलेला. त्यावरून कारखाना असा फाटला, की जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाची चटणीसुद्धा घेईना. माझ्याबरोबर काम करणाऱ्या शेवंताचं तान्हं आमच्या पायाशी रिकाम्या खोक्यात झोपायचं. पाळणाघर मागू, असं फक्त तो सातारकर म्हणाला होता. माझा दादाही त्याच कारखान्यात. महिनाभर त्याचं एकच, "भायेरच्याला मत देतीस व्हय?" मी ओरडायचे, "तुझा गाववाला पाळणाघराचं नाव तरी काढतो का?" दगडाशी बोललेलं बरं!

मत हात वर करून द्यायचं होतं. सातारकराचं नाव पुकारलं, तसा दादाच्या देखत मी हात ताठ वर केला. मोजणारा पुरुषांच्या रांगांतून बोट नाचवत आला आणि बायकांपाशी येऊन मागे वळला.

"अहो, आम्हाला मोजा की!"

"बायका धरल्यात की ज्याच्या त्याच्या घरच्या पुरुषाबरोबर," तो म्हणाला.

म्हणजे माझं मत दादाच्या गाववाल्याला! त्या दिवशी घरी जाऊन मी दादाशी कडाकडा भांडले. आज मात्र चीड येते ती माझीच. हात खाली घे, असं मला कुणीच सांगितलं नव्हतं; त्याचं ऐकून तो मीच खाली घेतला होता.