उचलायचा नसलेला फोन

चुडाव्याच्या लक्ष्मणमामांचा फोन आला की उचलायचा नाही, हा त्यांचाच दंडक होता. तिन्हीसांजेला फोन एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. मग आपण तसाच एक मिस्ड कॉल परत द्यायचा. महिनाभर बोलणं फुकट असलेल्या जमान्यात हा माणूस मिस्ड कॉल देतो म्हणून गावाने त्यांना चिक्कू ठरवून टाकलं होतं. मामांनी ते कधी मनावर घेतलं नाही. चिक्कू माणूस स्टेशनवर भेटेल त्याला चहा पाजत नसतो.

मामा आमचे गावातले शेजारी, फौजेतून परतलेले. मी पाथरीला खोली करून राहिलो तेव्हा त्यांनी माझा नंबर मागून घेतला. माझं काम लॅपटॉपवरचं. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना दिवसभर टाइप करून उत्तरं द्यायची. ढीगभर माणसांना ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ लिहायचो आणि तोंड उघडायचो ते फक्त डबा आणणाऱ्या काकूंना ‘ठेवा’ म्हणायला. कधीकधी त्याही डबा दारात ठेवून न बोलताच जायच्या. फार एकटं वाटायचं. आईला सांगितलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी मुली बघायला घेतल्या असत्या.

सुरुवातीला मी मामांचा फोन उचललाच. ते खेकसले, “उचलायचा न्हाई म्हनलं ना? वाजला की समजायचं, मानूस हाय.”

दिवाळीला गावी गेलो तेव्हा त्यांनी या दंडकाचं कारण सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत मामा विशीचे होते. डोंगरावरच्या चौकीत फोनपाशी त्यांना एकट्याला बसवलेलं. समोरच्या टेकडीवर आपल्याच फौजेतला तसाच दुसरा एक पोरगा, आणि मधे फोनची तार.

“त्याची भाषा मला येईना, माझी त्याला. हिंदी दोघांचीबी कच्ची. मग बोलायचं काय? दिवस मावळला की तो फोनची मूठ फिरवायचा, हिकडं घंटी वाजायची. मग मी फिरवायचो. झालं बोलणं. लय आधार वाटायचा बघ.”

एका संध्याकाळी ती घंटी थांबेचना. “मला वाटलं, गडी मस्करी करायलाय. हसत बसलो. उचलला न्हाई.”

दुसऱ्या दिवशी घंटी आली नाही. मामांनी मूठ फिरवून फिरवून हात दुखवून घेतला. मग त्यांची तुकडीच तिथून हलवली.

“तार तुटली का पोरगा गेला, आजून कळलं न्हाई. त्याला बोलायचं असंल रे. मला समजलं नसतं, पर ऐकलं तर असतं.” मामांनी माझ्याकडे न बघता पुढचं सांगितलं, “म्हनून ध्यानात ठिव. एकदा वाजला तर उचलू नको. वाजतच राहिला तर मात्र उचल.”

गेल्या उन्हाळ्यात मामी गेल्या. मुलगा नोकरीला लांब. मामा घरात एकटे राहिले, पण मिस्ड कॉल चुकला नाही.

श्रावणात एका संध्याकाळी फोन वाजला आणि वाजतच राहिला. मी कुणाला तरी ‘क्षमस्व’ लिहीत होतो. ते अर्धवट सोडून फोन कानाला लावला. पलीकडून नुसताच श्वास ऐकू येत होता.

“मामा?”

“उचललास,” ते म्हणाले.

“तब्येत बरी हाय ना?”

“हाय की. घर लय मोठं वाटायलंय रे.” मग म्हणाले, “काईबी बोल.”

मी बोलत सुटलो. डब्यातली पाणचट आमटी, घरमालकाचं कुत्रं, चिडकी गिऱ्हाइकं. मामा मधेमधे ‘हां’ म्हणत होते. कितीतरी दिवसांत मी इतकं बोललो नव्हतो. शेवटी ते म्हणाले, “बास. ठिव आता. बरं वाटलं.”

त्याच आठवड्यात मामा झोपेतच गेले.

आता तिन्हीसांजेला मी लॅपटॉप मिटून बसतो. त्यांचा नंबर अजून पुसलेला नाही. पुष्कळदा लावावासा वाटतो, पण धीर होत नाही. वाजतच राहिला आणि कुणी उचलला नाही, तर?