रस्त्यापलीकडचे काकाजी

काळजीचा ठोक व्यापार करणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच, आणि ते म्हणजे माझे चुलतसासरे, आमचे काकाजी. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं हारफुलांचं दुकान. मळ्यातला मोगरा स्वतः तोडून आणतात. आभाळ आलं की पाऊस पडेल म्हणून घोर, नाही आलं की पडणार नाही म्हणून. लग्नाचे हार पोहोचवून आले तरी नवरी नीट नांदेल ना, ही चिंता यांनाच. एकदा माझ्या साध्या पडशासाठी तिघा डॉक्टरांना विचारून आले आणि तिघांचं एकमत झालं म्हणून जास्तच घाबरले. "तिघंबी एकच सांगून राहिले, म्हंजे काही मोठंच असन!"

अशा माणसाला आमच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचं कळलं. आधी दोनदा अपयश आलेलं; माझ्यातली ताकद सरली होती आणि हा शेवटचाच प्रयत्न, असं आम्ही नवराबायकोनं ठरवलेलं. काकाजी अमरावतीच्या दवाखान्यात हट्टानं सोबत आले. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की गर्भ पाच दिवस पेटीत वाढवतात, आत कॅमेरा असल्यामुळे दार न उघडता त्यांची वाढ दिसते, आणि तिथली हवासुद्धा गाळून घेतात. अत्तराच्या नाहीतर रंगाच्या वासानंही एवढ्याशा जिवाला इजा होऊ शकते. म्हणून येताना अत्तर, गजरा काही नको. काकाजींचा चेहराच उतरला. "मंग माहं कसं? माह्या तं रक्तातच मोगरा हाय!" बाई हसून म्हणाल्या, तुम्ही बाहेरच्या खोलीत खुशाल बसा. पण काकाजी तडक उठले आणि रस्त्यापलीकडे पानठेल्याजवळ भर उन्हात जाऊन उभे राहिले.

त्या दिवसापासून आमच्या घरीही ते उंबऱ्याबाहेरूनच बोलू लागले. अंघोळ बिनवासाच्या साबणानं, देवाला नुसत्या अक्षता. फोन आला तरी आवाज लांबून यायचा. बहुधा फोनही हातभर दूर धरत असावेत. मला हसू यायचं, पण फार वेळ टिकायचं नाही. पेटीतले गर्भ एकेक करून वाढायचे थांबत होते. दवाखान्याचा फोन वाजला की मी तो नवऱ्याच्या हातात द्यायचे. पाचव्या दिवशी एकच उरला.

तो माझ्या पोटात ठेवला आणि मी बाहेर आले, तर काकाजी पलीकडून धावतच निघाले आणि रस्त्याच्या मधोमध थबकले. रिक्षावाले शिव्या घालताहेत आणि हे तिथूनच ओरडताहेत, "जवळ येत नाई मी, पोरी! त्याले निवांत रुजू दे!"

नाही रुजला. रक्ताचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी काकाजी दाराशी येऊन उभे राहिले. "माहीच चुकी झाली, पोरी. त्या दिवशी मी अर्धा रस्ता ओलांडून आलो होतो." मी सांगितलं, असं आपोआपही होतं, यात कुणाचाच दोष नसतो, डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मला वाटतं अजूनही पटलेलं नाही.

"काकाजी, आता तरी आत या," मी म्हणाले. "आता जपायचं काही उरलं नाही."

ते आले, माझ्याशेजारी बसले. कितीतरी दिवसांनी घरात मोगऱ्याचा वास आला. तो मला इतका बरा वाटला, की त्याचंच फार रडू आलं.