हिवरखेडच्या गाठी आणि माझी नक्षी

चहा आधी संपवा, मग सांगतो. हसताना चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही! गाढवपणा सगळेच करतात हो. पण लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला आणि तोही सासऱ्यावर धाड घालायला, असा जावई अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच असेन.

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्यात जिनिंग-प्रेसिंगच्या एका मोठ्या कंपनीत मी पंचिंगला होतो. पंचिंग म्हणजे काय? प्रोग्रॅमची एकेक ओळ जाड कागदाच्या एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायची. एका कार्डावर ऐंशी घरं. पेटी भरली की आमचे गावंडे साहेब ती घेऊन रेल्वेनं मुंबईला जायचे. तिथं भाड्यानं मिळणारा अवाढव्य कॉम्प्युटर होता. प्रोग्रॅम साहेबांनीच असेंब्लरमध्ये, म्हणजे थेट मशीनच्या बोलीत लिहिलेला. काम साधं. कोणत्या गावच्या प्रेसमध्ये रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, किती गाठी बांधल्या, त्याची गाववार बेरीज करायची.

त्याआधी मी अंजनगाव सुर्जीला छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर होतो. लग्नपत्रिकेत माझा हात धरणारा कोणी नव्हता, खोटं नाही सांगत! आमच्या छापखान्याची शिस्त एकच. चौकट कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलीच पाहिजे. मधेच थांबलेली चौकट बघितली की मला अजून जेवण जात नाही.

तर एकदा गावंडे साहेब म्हणाले, "सुधाकर, या वेळी मुंबईचे डायरेक्टर प्रोग्रॅमची छापील प्रत पाहून राहिले. माह्या शेऱ्यांचा पार उकिरडा झाला हाये. जरा साफसूफ करून टाक."

शेरे म्हणजे प्रोग्रॅमच्या मधेमधे माणसांसाठी लिहिलेल्या टिपा. इथं काय चाललंय, तिथं काय चाललंय, एवढंच.

मी विचारलं, "साहेब, शेऱ्यात माह्या हातून काही चुकलं तं?"

"अरे, शेरे मशीन वाचतच नाही! त्यात तू तुह्या लग्नाची पत्रिका छाप नं!"

आता मला सांगा, कंपोझिटरला असं बोलतात का कोणी?

मी बसलोच! कुठं चार घरं रिकामी सोडलेली, कुठं एकच, सगळं एका रेषेत आणलं. शेऱ्यांची भाषा शुद्ध केली. आणि प्रत्येक गावच्या बेरजेच्या वर त्या गावाचं नाव घालून भोवती चांदणीच्या चिन्हांची चौकट काढली. पहिल्या घरापासून ऐंशीव्या घरापर्यंत, एक घर मोकळं नाही! साहेबांनी पेटी उघडूनही पाहिली नाही, त्यांची गाडीची वेळ झाली होती.

आठवड्यानं मुंबईहून छापील आकडे आले. साहेब दुसऱ्या कामासाठी तिथंच थांबले होते, म्हणून कागद घेऊन मॅनेजर साहेबांसमोर मला उभं केलं. हे मॅनेजर नागपूरचे, बोलणं कमी, बघणं जास्त.

"वाच."

मी वाचायला लागलो. अकोला, बरोबर. अमरावती, जरा फुगलेली. अंजनगाव, भलतंच. आणि सगळ्यात शेवटी हिवरखेड. तो आकडा वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला.

मॅनेजर उठून उभे राहिले. "हिवरखेडला एवढ्या गाठी बांधल्या? आपल्या इथल्या गोदामात तर मूठभर पोचल्या! बाकीच्या गेल्या कुठं? तिथला एजंट कोण आहे?"

हिवरखेडचा एजंट म्हणजे नामदेवराव. नामदेवराव म्हणजे माझे सख्खे सासरे! लग्नाला पुरते दोन महिने झाले नव्हते. घरी बायको माझा डबा भरून दारात उभी राहायची, आणि तिचा बाप चोर? मी तिथंच सांगायला हवं होतं ना, की साहेब, हे माझे सासरे आहेत? नाही सांगितलं.

"चल जीपमध्ये," मॅनेजर म्हणाले. "आकडे तूच वाचून दाखव. खरं निघालं तर माणसाला पोलिसात देतो."

वाटेतलं अकोट येईपर्यंत मी एकच मागणं मागत होतो, सासरे परगावी गेलेले असू देत. कोणाच्या मयतीला गेलेले असले तरी चालेल म्हटलं! आमच्याकडे लग्नानंतर जावई पहिल्यांदा येतो तेव्हा काय थाट असतो, तुम्हाला ठाऊक आहे. रजा मिळत नाही म्हणून मी ते लांबवत होतो, आणि सासरे रोज रस्त्याकडे डोळे लावून बसलेले.

जीप दारात थांबली. सासरे ओसरीवरच होते.

"अवं, आयकलं का! जवाईबापू आले! जीप घिऊन आले!"

झालं! पाय धुवायला पाणी आलं, सतरंजी आली, शेजारपाजार गोळा झाला. सासूबाईंनी मला कुंकू लावलं आणि मागे मॅनेजर दिसले, तर त्यांनाही लावलं. सासऱ्यांनी त्यांच्या डोक्यावर टोपी घातली. "तुमी जवाईबापूचे साहेब नं? लय उपकार झाले, घिऊन आले त्याईले!"

कुंकू आणि टोपीसकट मॅनेजर माझ्याकडे वळले. "जावई?"

"हो, म्हणजे... तसा नवीनच आहे साहेब."

"अस्सं! सासऱ्यानं गाठी लांबवायच्या आणि जावयानं हिशेबाची भोकं पाडायची!"

बघा, आता मीही चोर! आणि घाबरलेला माणूस काय करतो? जास्त कडक होतो. मी सतरंजीवर उभा राहिलो आणि सगळ्या गावासमोर खड्या आवाजात आकडा वाचला.

सासऱ्यांना आधी चेष्टाच वाटली. "येवढ्या गाठी? जवाईबापू, येवढा कापूस तं आख्ख्या तालुक्यात नाई निंघत. अन् मी त्या ठिवल्या कुठी म्हन्ता?"

"मामाजी, मशीन खोटं बोलत नाही!" मी म्हणालो.

हे वाक्य आठवलं की अजून मान खाली जाते.

मग शोधाशोध सुरू झाली. गोदाम उघडलं, गोठा पाहिला, ड्रायव्हरनं कडब्याच्या गंजीत काठी खुपसून पाहिली. सासूबाई पुरणाची परात उचलून मुकाट्यानं आत घेऊन गेल्या. शेजारी एकमेकांकडे बघायला लागले, आणि मघाशी माझ्या पायांवर पाणी घालणाऱ्या बाईनं तांब्या उचलून नेला.

सासऱ्यांनी कमरेची किल्ली काढली आणि मॅनेजरांच्या हातात ठेवली. "पोलिसाले बलवा साहेब. पन माह्या हातानं एक बी गाठ इकडची तिकडं नाई झाली." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"गावंडे उद्या सकाळी येतायत," मॅनेजर म्हणाले. "त्यांनी आकड्यांवर सही केली की तक्रार जाईल. तोवर गोदाम बंद."

त्या रात्री अकोल्याला परतून मी बायकोला काय सांगितलं? डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

सकाळी गावंडे साहेब स्टेशनवरून थेट ऑफिसात आले. तक्रारीचा कागद टाइप होऊन टेबलावर तयार होता. साहेबांनी पेन उघडलं, आकड्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पेन परत बंद केलं.

"थांबा साहेब. हिवरखेडच्या आकड्यात तं अकोला बी हाये, अमरावती बी हाये, अंजनगाव बी हाये! मागच्या गावाची बेरीज पुसल्याच नाही गेली. त्याच्यावरच पुढचं गाव चढत गेलं!"

"पुसायला सांगितलं नव्हतं का?" मॅनेजरांनी विचारलं.

"सांगतलं कसं नाही? दर गावाच्या सुरुवातीले पहिलं कार्डच ते हाये!" असं म्हणून साहेबांनी प्रोग्रॅमची छापील प्रत उलगडली. माझ्या चांदण्या टेबलभर पसरल्या. खरं सांगतो, त्या घटकेलाही मला वाटलं, काय देखणी दिसतेय!

साहेब चौकटीवर बोट ठेवून घरं मोजत गेले. बोट एका जागी थांबलं. "बहात्तराव्या घरात चांदनी काहून हाये?"

"कडेपर्यंत न्यायची असते साहेब," मी हळूच म्हणालो.

"अरे माह्या बाप्पा! बहात्तरावं घर कोरं ठिवा लागते! तिथं काही बी दिसलं का मशीन समजते, मजकूर पुढच्या कार्डावर चालू हाये. तुह्या चौकटीखालचं कार्ड बी त्यानं शेराच समजला अन् सोडून देल्ला!"

आणि चौकटीखालचं कार्ड कोणतं? बेरीज शून्य करा!

म्हणजे सासऱ्यांनी चोरलेला सगळा कापूस माझ्या एका चांदणीनं पिकवला होता! मॅनेजरांनी तक्रारीचा कागद फाडला, गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पहिल्या एसटीनं हिवरखेडला जा. माफी मागून ये. माझ्या वाटची पण."

गेलो. या वेळी ना पाणी, ना सतरंजी. सासरे ओसरीवर बसले होते, त्यांच्या पुढ्यात किल्ली ठेवून मी सगळं सांगितलं. कार्ड, चौकट, बहात्तरावं घर. दाराआड सासूबाईंच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.

ऐकून झाल्यावर सासरे म्हणाले, "ते नक्षी मशीन वाचत नाई म्हन्ता. मंग दुसऱ्या कोनाचं नाव सांगून मोकळे काहून नाई झाले?"

हे सांगायचं मी टाळत होतो. पण आता लपवून काय उपयोग होता?

"मामाजी, छापखान्याची पद्धत आहे. मजकूर संपला की खाली नाव टाकतात. शेवटच्या पानावर सगळ्यात मोठी चौकट आहे. त्यात लिहिलंय, 'सजावट: सुधाकर, अंजनगाव सुर्जीवाले'."

सासऱ्यांनी किल्ली कमरेला खोचली आणि आत वळून हाक दिली, "अवं, पुरन टाका! जवाई साधा मानूस हाये. आपल्या इकडचा चोर बी जातांनी आपलं नाव चौकटीत लिहून नाई जात!"