कोरड्या भेगांचा अहवाल

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो, कुणी विचारलं नाही तरी. शेतीची पदवी घेतली, औरंगाबादला माती तपासणाऱ्या एका कचेरीत नोकरी लागली आणि उस्मानपुऱ्यात खोली केली. खोलीत एक खाट, एक स्टो आणि मी. गावी पत्र पाठवलं तर वडलांना ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. म्हणून खुशालीपलीकडं त्यात काही लिहिता यायचं नाही.

मे महिन्यात पहिल्यांदा माझ्या एकट्यावर काम सोपवलं. देवगाव रंगारीच्या पुढं माळावर दगडाची खदान होती. खदानवाल्यानं वरची माती आणि मुरूम काढून उतारावर ढीग घातला होता, आणि त्या ढिगाखाली पावसाचं पाणी वाहून नेणारी ओघळ बुजली होती. आता ते पाणी खालच्या रानात तुंबेल की जमिनीत जिरेल, एवढंच मला सांगायचं होतं. तुंबेल म्हणालो तर खदानवाल्याला पावसाआधी चर खणावा लागणार. जिरेल म्हणालो तर नाही. खालचं तीन एकर रान एका विधवा बाईचं होतं. तिला दुसरं रान नव्हतं.

या कामाला लोखंडाच्या दोन कड्या लागतात. एकीत दुसरी अशा जमिनीत ठोकायच्या, पाणी भरायचं आणि किती वेळात किती उतरतं ते पट्टीवर बघत बसायचं. जमीन काळी, भेगा एवढ्या मोठ्या की पट्टी हातातून सुटली तर परत मिळायची नाही. पाणी ओतलं की गडप. पाच ठिकाणी बघितलं, पाचही ठिकाणी तेच.

बाई बांधावर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "साहेब, भेगाला पाणी पाजून काय कळणार? श्रावणात या. हे रान उपळतं."

मी म्हणालो, "मावशी, हे शास्त्र आहे."

"व्हय. असंल," म्हणाली आणि उठून गेली.

उपळणं मला माहीत नव्हतं असं नाही. पावसाळ्यात जमिनीचं पोट भरलं की खालचं पाणी वर पाझरायला लागतं, रान आठवडेच्या आठवडे वाळत नाही, ते उपळणं. पण कॉलेजात तोंडी परीक्षेला मी हा शब्द वापरला होता, तेव्हा बाजूला बसलेली शहरातली पोरं फिसकन हसली होती. तेव्हापासून तो शब्द मी गावाकडंच ठेवला होता.

अहवालात लिहिलं, पाणी साचण्याचा धोका कमी. खाली माझी सही. स्वतःच्या सहीचा पहिला कागद. कचेरीतल्या साहेबांनी तो सोमवारी पाठवायला ठेवला.

त्या संध्याकाळी क्रांती चौकात गेलो, नुसता माणसं बघायला. सहीचं कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं आणि सांगण्यासारखं कुणी नव्हतं. गाड्यावर भजी खाता खाता घरचा खालचा पट्टा डोळ्यासमोर आला. वडील तिथं कधी कापूस लावायचे नाहीत. उपळतं ते, म्हणायचे. श्रावणात त्यात माझा पाय घोट्यापर्यंत रुतायचा. आणि उन्हाळ्यात त्याच पट्ट्यातल्या भेगांत माझ्या गोट्या गेल्या होत्या. काळी जमीन भिजली की फुगते आणि भेगा मिटतात. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी पायानं शिकलो होतो, आणि कागदावर उलटं लिहून बसलो होतो.

सकाळी साहेबांकडून चार दिवस मागून घेतले. खदानीवरून पाण्याचा टँकर मिळवला. मुकादमानं विचारलं, "साहेब, इथं धान लावता काय?" हसणं सोसलं. रानाच्या एका कोपऱ्यात वाफा बांधून दोन दिवस पाणी सोडलं. भेगा मिटल्या. तिसऱ्या दिवशी कड्या ठोकल्या आणि बसलो.

पाणी हललं नाही. ऊन जेवढं पिईल तेवढंच कमी झालं. बाजूला खड्डा घेतला, तर हातभर खाली निळसर करडी माती लागली. महिनोन्‌महिने पाणी बसून राहिल्यावरच असा रंग येतो. बाई त्या आठवड्यात परगावी मजुरीला गेली होती. आपलं म्हणणं खोटं पडल्याचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं, आणि तो सांगायला तिथं एक टिटवी होती.

साहेब चांगले होते. म्हणाले, नव्यानं तपासणी केली एवढंच लिहा, चूक झाली असं लिहायची गरज नाही.

मी म्हणालो, "चूकच झाली सर. मी भेगा मोजल्या, जमीन नाही."

तसंच लिहिलं. 'पावसाळ्यात हे रान उपळते' हेही लिहिलं. साहेबांनी त्या शब्दाभोवती गोल केला, अर्थ विचारला आणि शब्द राहू दिला. मात्र पुढं वर्षभर माझ्या प्रत्येक अहवालावर दुसऱ्याची सही लागायची.

मृगाआधी चर झाला. श्रावणात एका रविवारी मी आपल्या खर्चानं तिकडं गेलो. चरातून गढूळ पाणी वाहत होतं, रानात कापूस उभा होता. बाईनं ओळखलं. बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं.

म्हणाली, "खदानीचा मालक लई भला निघाला बघा. न सांगता चर काढून दिला. तुमच्या त्या भेगांच्या कागदावर राहिला असता तर माझं रान गेलं असतं."

तिचं म्हणणं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं सांगायचं तर माझ्या शहाणपणापासून सुरुवात करावी लागली असती. मी नुसतं व्हय म्हणालो.

निघताना तिनं मुगाच्या ओल्या शेंगा दिल्या. स्टँडवर एस.टी. यायला दीड तास होता. त्या एकेक सोलून संपवल्या.