जिवंत माणसाला वाहिलेली श्रद्धांजली

नागपुरात सदर भागातल्या वाचनालयात बसून मी मोबाईलवर एका माणसाला श्रद्धांजली वाहिली आणि थोड्याच वेळात तो माणूस दारातून आत आला.

त्याने दाराशी चपला काढल्या, रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "माफ करा, बस लय उशिरा भेटली." हॉलमधल्या लोकांनी माना वर केल्या. सगळ्यांच्या हातात मोबाईल होते आणि सगळ्यांच्या मोबाईलवर तो मेलेला होता. ग्रंथपाल रोहिणी माझ्याकडे बघत राहिली. मी फरशीकडे बघत राहिले.

ते देवरावजी. वाचनालयात रोज सकाळी येऊन वर्तमानपत्रं लावायचं काम ते कित्येक वर्षं हौसेने करत होते. आता गुडघे चालेनात म्हणून ते काम सोडणार होते. त्या दिवशी वाचकांच्या मेळाव्यात त्यांचा सत्कार होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. आपल्या गावच्या वाचनालयाचं कपाट बहुतेक वेळ कुलपातच असतं, हे तुम्हा सगळ्या बायकांना ठाऊक आहे. नागपूरला माझी भाची असते. तिने मला तिथल्या वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं. तिथे रोज एका पुस्तकातली पानं कोणीतरी वाचून आवाजात पाठवतं. ऐकणारे आपलं मत सांगतात. मला टाइप करायला जमत नाही, म्हणून मी माइकचं बटण दाबून बोलते. पुस्तक रटाळ असलं तर रटाळ म्हणते. लोकांना ते आवडायला लागलं. मेळाव्याचं बोलावणं आलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, जाऊन बघून या, आपल्यालाही असं काही करता येईल का. मी कराडला गोंदियाच्या गाडीत बसले.

विदर्भात शिरल्यावर रुळाच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. आपल्यासारखे डोंगर नाहीत, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट. भाची शहराच्या कडेला बेसा इथे राहते. तिथे जिकडेतिकडे नव्या इमारती आणि मधेमधे राहून गेलेली शेतं. सकाळी तिने विचारलं, सांबारवडी खाणार का. मी म्हटलं, सांबार नको, पोटाला बाधतं. ती हसत सुटली. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वडी चांगली होती, तिखट होती, तीन खाल्ल्या. मला हे सगळं मजेचं वाटत होतं.

वाचनालयात लोक जमत होते. तेवढ्यात मोबाईल वाजला. ग्रुपवर एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो आला होता. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली दोन्ही कोपऱ्यांत समया, आणि मोठ्या अक्षरात 'देवरावजींना भावपूर्ण'. चष्मा पिशवीत होता. मी तो काढला नाही. भावपूर्णच्या पुढे काय असतं ते मला पाठ होतं. पुढे 'निरोप' लिहिलेलं होतं. ते मी वाचलंच नाही. मी चौथी शिकले, पण मला वाचता येत नाही असं नाही. येतं. मी वाचलं नाही.

बटण दाबून मी म्हणाले, "देवरावजी गेले, ऐकून फार वाईट वाटलं. देवमाणूस होते. त्यांच्या घरच्यांना हे दुःख सोसायची ताकद मिळो."

माझ्यामागोमाग रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, हात जोडलेली चित्रं. त्यांनी तरी फोटो नीट कुठे पाहिला. एकाने लिहिलं की दुसरा तेच पाठवतो. रोहिणीने घाईने लिहिलं की काका सुखरूप आहेत, तरी तिच्या खाली ओम शांती येतच राहिलं. तिने माझं बोलणं काढून टाकलं. तोवर ते दुसऱ्या ग्रुपांवर गेलं होतं.

देवरावजी खुर्चीवर बसले आणि त्यांच्या कापडी पिशवीत फोन वाजायला लागला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला होता, तो सोडवेपर्यंत वाजत राहिला. पलीकडची बाई इतक्या मोठ्याने बोलत होती की आम्हाला सगळं ऐकू आलं.

"काका? तुमीच बोलून राहिले काय?"

"मंग कोण बोलंल?"

मग ती रडायला लागली. "काकू पडल्या. तुमी गेल्याचं ऐकलं अन् स्वयंपाकघरातच पडल्या. तोंड वाकडं झालं. दवाखान्यात नेऊन राहिलो आमी."

ते उठले. त्यांच्या मागे मीही उठले. कोणी मला जा म्हटलं नाही आणि थांब म्हटलं नाही.

सदरहून नंदनवन भागातल्या दवाखान्यापर्यंत आम्ही रिक्षाने गेलो. मी पहिल्यांदाच नागपूर बघत होते, पण त्या रस्त्याचं मला काहीही आठवत नाही. एका पुलाची सावली तेवढी आठवते.

"बाई, तुमी काहून आल्या?" त्यांनी विचारलं. काहून म्हणजे का.

"ते मीच बोलले होते."

"आवाज वळखला मी. आमची शांता रोज ऐकते तुमाले. डोळे गेले तिचे, पुस्तक हाती धरता येत नाही. तुमी शिव्या घातल्या पुस्तकाले की खुश होते." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "माझ्याबद्दल काय म्हणलं?"

"देवमाणूस होते म्हणाले."

"तुमी मले कुठं पाहिलं होतं?"

"नव्हतं पाहिलं."

"मंग देवमाणूस काहून?"

"मेलेल्या माणसाला तसंच म्हणतात."

ते हसले. सिग्नलला रिक्षा थांबली तशी त्यांनी हसणं सोडलं आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर हात ठेवला. "चाल ना गा, चाल ना."

तेव्हा मला नीट समजलं. ग्रुपवर शेकडो लोक काहीबाही लिहितात. शांताबाईंना ते दिसत नाही. त्यांनी माझा आवाज ऐकला. तो आवाज ओळखीचा होता, खोटं न बोलणाऱ्या बाईचा होता, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. दुसरं कोणी असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं.

दवाखान्यात फोनवरची ती बाई, त्यांची शेजारीण, बाहेरच उभी होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ह्याच काय त्या? पुण्याकडच्या बाया लय शिकलेल्या राहतात म्हणे."

"मी पुण्याची नाही. आणि चौथीच शिकले."

"मंग चौथीवानी गप राह्यचं ना वं बाई."

मी बाजूला सरकले.

डॉक्टर म्हणाले अर्धांगाचा झटका आहे, उजवी बाजू गेली आहे, वेळेत आणलं म्हणून आशा आहे, पण उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. देवरावजी आत गेले. मी बाकावर बसून राहिले. दुपारी रोहिणी आली. तिशी उलटलेली, कामाची पोरगी, पण चेहरा पार उतरलेला.

"आजी, निरोप हा शब्द मीच घातला. ती फुलांची चौकट मोबाईलमध्ये तयारच मिळते. छान दिसली म्हणून घेतली. कोणाला एकदा दाखवायला पाहिजे होती."

"तुझी चूक तुझ्यापाशी ठेव," मी म्हणाले. "माझीत वाटेकरी नको."

"कमिटी म्हणते ग्रुप बंद करा. फेसबुकवर आम्ही पुस्तक वाचून दाखवतो, तेही बंद. म्हणे वाचनालयाने पुस्तकं सांभाळावी, ही थेरं नको."

मला कमिटीला नावं ठेवायचा हक्क नव्हता. तरी मी तिला विचारलं, शांताबाई उद्या घरी आल्या तर त्या काय वाचणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई शुद्धीवर होत्या. देवरावजी मला आत घेऊन गेले. लहानशी बाई, पांढरी वेणी खांद्यावर. तोंड एका बाजूला ओढलेलं. नवऱ्याला अडखळत म्हणत होत्या, "फोन... काहून नाही उचलला." ते परत परत सांगत होते, पिशवीत होता वं, ऐकू नाही आला.

मग ते म्हणाले, "शांता, त्या आजी आल्या हाये. ग्रुपवाल्या."

मी जवळ गेले. "शांताबाई, माझं चुकलं."

माझा आवाज ऐकला तशी त्यांनी डाव्या हाताने चाचपडलं. त्यांनी नवऱ्याचा सदरा घट्ट धरला, तो तिथेच आहे ना हे बघायला धरावा तसा. खाटेशेजारचं यंत्र जोरात वाजायला लागलं. सिस्टर आत आली आणि मला म्हणाली, तुम्ही बाहेर जा.

मी बाहेर गेले. माफी मागायची तरी आवाजानेच मागायची, आणि तोच त्यांना सोसवत नव्हता. मी परत आत गेले नाही. भाची म्हणाली, दीक्षाभूमी बघ, फुटाळा तलाव बघ, एवढ्या लांब आलीस. मी म्हटलं तिकीट काढ. गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, नागपूर कसं वाटलं. मी सांगितलं, माणसं चांगली आहेत.

आता तुम्ही मला विचारता आहात की आपल्या वाचनालयाने ग्रुप करावा का. करावा. अंथरुणाला खिळलेल्या, डोळे गेलेल्या, शेतातून दमून आलेल्या बायकांपर्यंत पुस्तक असंच पोचतं, कपाट त्यांच्याकडे चालत जात नाही. पण ग्रुपवर काहीही टाकायच्या आधी ते दुसऱ्या माणसाने पुरतं वाचावं. जिवंत माणसाच्या फोटोला फुलं लावू नयेत. वाईट बातमी आधी घरच्यांना फोन करून खरी करावी, आणि ती ग्रुपवर सांगायची घाई कोणीच करू नये. माझ्याकडून आवाज मागू नका. पुस्तकाबद्दल काय वाटतं ते मी तुम्हाला ओट्यावर सांगेन, तिथे समोर माणूस दिसतो.

कमिटीने शेवटी ऐकलं, नागपूरचा ग्रुप चालू राहिला. पानं आता रोहिणी वाचते. काल तिने फोन केला होता. देवरावजी रोज दुपारी बायकोच्या उशाशी मोबाईल ठेवतात. तिचा उजवा हात अजून उचलत नाही, जेवण ते भरवतात.

शांताबाई वाचल्या.