नलू गेली होती

जूनमधला एक शनिवार. जागा राखण्यासाठी सोमवारपर्यंत भरायचे पस्तीस हजार रुपये. जेवणाच्या टेबलाशी हजर तिघं — मी, माझी बायको अर्चना आणि आमची मुलगी सई. सईला कोचीला जहाजबांधणीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि त्या संध्याकाळी तिने तो नाकारला. इथपर्यंत आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. तिने तो का नाकारला आणि त्यात माझा वाटा कोणता, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अर्चनालाही नाही.

तुम्हाला सांगतो. पण थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

मला एका प्रकारची पुस्तकं आवडतात. लहान गावातलं पोर, घरात पैसे नाहीत पण माया आहे, अंगात जिद्द, एखादे चांगले शिक्षक — आणि शेवटी ते पोर काहीतरी होऊन दाखवतं. माझं आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलं. एका सरकारी कंपनीच्या कोलकात्यातल्या, एस्प्लनेडच्या ऑफिसात मी तेच करतो, आणि आकडा जुळला नाही तर मला जेवण गोड लागत नाही. अशा माणसाने असली पुस्तकं वाचून डोळे पुसावेत? पण पुसतो. पुण्याहून कुणी येणार असलं की मी पुस्तकंच मागवतो. अर्चना चिडवते, "काय हो, झालं का तुमचं पोर पास?"

तीन वर्षांसाठी म्हणून आम्ही कोलकात्याला आलो आणि राहून गेलो. सई तेव्हा पाच वर्षांची होती. शाळेत इंग्रजी आणि बंगाली, खाली खेळताना बंगाली आणि हिंदी. मराठी फक्त घरात, म्हणजे आमच्या दोघांशी. बोलायची छान, पण देवनागरी वाचताना एकेक अक्षर लावत बसायची आणि कंटाळून पुस्तक माझ्याकडे ढकलायची. "तूच वाच ना, बाबा."

म्हणून मी वाचायला लागलो. रोज जेवणानंतर, दिवाणावर. ती माझ्या पोटावर डोकं ठेवून पडायची. मी पुस्तक वर धरायचो, त्यामुळे पान तिला दिसायचंच नाही. दिसलं असतं तरी काय?

ती अकरा वर्षांची असताना आम्ही नलूची कादंबरी घेतली. नलू ही एका घड्याळजीची मुलगी. आई नाही. बापलेक दिवसभर त्या एवढ्याशा दुकानात, डोळ्याला भिंग लावून. नलूला मोठी यंत्रं शिकायची असतात. मास्तर अर्ज भरून देतात, आणि एक दिवस लांबच्या शहरातून पत्र येतं. बाप म्हणतो, "तू गेलीस की मी बोलायचं कुणाशी? या काट्यांशी?"

सई उठून बसली. "जाते का रे ती?"

मला माहीत होतं. पुढचं प्रकरण मी दुपारी ऑफिसात वाचून ठेवलं होतं, मी नेहमी तसंच करायचो. नलू जाते. बाप तिला सोडायला स्टँडवर येत नाही. बस सुटते तेव्हा तिला दिसतं की दुकान उघडंच आहे आणि तो मान खाली घालून काम करतोय — आणि तरी ती उतरत नाही. दुपारी ते वाचताना मला हुंदका आला होता. किती सुंदर लिहिलंय, असं वाटलं होतं.

मग संध्याकाळी ते मोठ्याने का वाचता आलं नाही?

मी पान उलटलं. डोळे कागदावरच ठेवले. आणि वाचण्याच्याच आवाजात म्हणालो की नलूने पत्राची घडी घातली, बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा स्टुलावर बसली. जिद्द म्हणजे काही लांब जाणं नव्हे, हे तिला त्या क्षणी कळलं.

हे वाक्य पुस्तकात नाही. ते माझं आहे.

सई परत आडवी झाली. "बरं झालं," म्हणाली.

एकदा खोटा आकडा घातला की पुढचे सगळे आकडे त्याला जुळवत न्यावे लागतात — दुसऱ्यांच्या बाबतीत हे मी कितीदा पकडलंय! उरलेलं निम्मं पुस्तक मी तोंडाने रचलं. दुपारी खरं वाचायचं, रात्री खोटं सांगायचं. माझी नलू गावातल्याच कॉलेजात गेली, दुकान मोठं केलं, बापाला चष्मा करून दिला. सईला ती कादंबरी सगळ्यांत आवडली. पुन्हा वाच म्हणाली तेव्हा मी घाबरलो. दोन वेळा तसंच रचून सांगणं मला जमलं नसतं. पुस्तक कुणालातरी वाचायला दिलं ते परत आलंच नाही, असं मी तिला सांगितलं. ते माझ्या ऑफिसच्या खणात होतं. अजून आहे.

जहाजांचं वेड तिला मीच लावलं. रविवारी आम्ही गार्डन रीचच्या बाजूला नदीवर जायचो. तिथे बांधून होत असलेली जहाजं लांबून दिसायची. एवढं लोखंड तरंगतं कसं, हे ती विचारायची आणि मला नीट सांगता यायचं नाही, म्हणून ती स्वतः शोधायची. पुढे ती वह्यांमधून जहाजांचे आडवे छेद काढायला लागली. मला अभिमान होता. माझ्या आवडत्या पुस्तकांतलं पोर माझ्या घरात वाढत होतं.

तर तो शनिवार. सई सतरा वर्षांची. अर्चनाने डोसे केले होते. पैसे भरायचे का, एवढंच ठरवायचं होतं.

सई म्हणाली, "मी इथेच कुठेतरी घेते."

"अगं, हातात आलेलं सोडतेस?" अर्चना म्हणाली. "मी येते की सोडायला. महिनाभर राहते हवं तर."

"तसं नाही गं. बाबाला करमणार नाही. आणि जिद्द म्हणजे काही लांब जाणं नव्हे." मग माझ्याकडे बघून हसली. "हो ना, बाबा? नलूसुद्धा राहिलीच की. काय वाईट झालं तिचं?"

अर्चनाने माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही बोला ना काहीतरी. मूग गिळून काय बसलात?"

बोलायचं एकच वाक्य होतं: नलू गेली होती, बेटा. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित ती तरीही राहिली असती. कदाचित गेली असती. पण मग निवड तिची झाली असती.

मी म्हणालो, "तिचा निर्णय आहे. आपण मध्ये पडू नये."

किती समंजस वाटतं नाही ऐकायला? अर्चनालाही तसंच वाटलं. तिने नंतर बहिणीला फोनवर सांगितलं की आमच्या ह्यांनी मुलीवर कधी काही लादलं नाही. मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो.

सईने इथेच इंजिनियरिंग केलं, आता सेक्टर फाइव्हला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. पगार चांगला आहे. ती दुःखी आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसं मला दिसत नाही. फक्त फेरीबोटीतून जाताना एखादी मोठी बोट दिसली की ती बोलणं अर्धवट सोडते. "बघ, रिकामी चाललीय. केवढी वर आलीय पाण्याच्या." मग पुन्हा फोनकडे वळते.

मी अजून ती पुस्तकं वाचतो. खणातली नलूही वाचतो, वर्षातून एकदा तरी. बसचं प्रकरण आलं की अजूनही भरून येतं. कुठल्यातरी घड्याळजीची मुलगी गेली याचा मला आनंद होतो.

हे आत्ता सांगायचं कारण असं. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या, बदलीवर आलेल्या कुटुंबांची मुलं मराठी विसरू नयेत म्हणून सई गेल्या महिन्यापासून रविवारी त्यांना आमच्या बालीगंजच्या घरी गोष्टी सांगते. सहा-सात मुलं येतात. परवाच्या रविवारी तिने नलू घेतली. एकदाच ऐकलेली, तरी तोंडपाठ सांगत होती, माझेच शब्द, माझ्याच थांबण्याच्या जागा. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो.

ओवी नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे, वडील बँकेत आहेत, नागपूरहून आलेत. पत्राची घडी झाली तशी ती म्हणाली, "मग गेली का नाही ती?"

"नाही गेली."

"पण तिला जायचं होतं ना?"

"होतं. पण राहिली."

"खोटं! गेली असणार ती. मी असते तर गेलेच असते."

सई हसायला लागली. "बरं बाई, बाबाला विचार. त्याने पुस्तक वाचलंय, मी नुसतं ऐकलंय."

ओवी माझ्याकडे वळली. सगळीच मुलं वळली. आतून अर्चना चिवड्याची ताटली घेऊन येत होती, तीही थांबली.

"काका, गेली ना ती?"

"नाही," मी म्हणालो. "राहिली."

"बघ," म्हणत सईने ओवीचा गाल ओढला आणि गोष्ट पुढे सांगायला लागली.